चाल सोडून गाताना: गोव्यातल्या मोठ्या क्वायरच्या नाताळ कॉन्सर्टची तयारी

भजनी मंडळातून क्वायरमध्ये, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गाणाऱ्या गायकवृंदात, गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो चाल हातातून गेल्याचा. मी फोंड्याची. महिला भजनी मंडळात बावीस वर्षं गायले, कला अकादमीच्या भजनी स्पर्धेतही उभी राहिले. तरी क्वायरच्या पहिल्या तालमीत तासभर चुकीची ओळ गात होते, कारण तीच मला येत होती. ‘सायलेंट नाइट’ची चाल कुणाला येत नाही? शेवटी शेजारच्या बाईंनी माझ्या कागदावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "बाय, ती चाल सोप्रानांची. आमची ही सकयली." सोप्रानो म्हणजे बायकांतला सगळ्यात वरचा आवाज. सकयली, म्हणजे खालची, ओळ चालीच्या मागून तीन स्वर खालून चालत होती, मध्येच एका स्वरावर अडून बसत होती. एकटीच म्हटली तर गाणं वाटेचना.

भजन, नाट्यगीत, सुगम, काहीही गाऊन आलेल्या आणि डिसेंबरात एखाद्या मोठ्या क्वायरमध्ये उभं राहावंसं वाटणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी हे लिहितेय. गायचं नसेल, नुसतं ऐकायला जायचं असेल, तर पहिला भाग वाचलात तरी पुरे.

आधी एक वर्ष श्रोता व्हा

शक्य असेल तर पहिलं वर्ष प्रेक्षकांत काढा. नोव्हेंबरच्या शेवटी वर्तमानपत्रांत जाहिराती यायला लागतात. कार्यक्रम पणजीत कांपालला कला अकादमीत, मिनेझिस ब्रागांझाच्या सभागृहात, मडगावला रवींद्र भवनात होतात, आणि चर्चमध्ये तर होतातच. एक तरी चर्चमधलाच ऐका. गोव्यातली जुनी चर्चं चिऱ्याच्या जाड भिंतींची, उंच छपराची. गाणं थांबल्यावरही सूर वर थोडा वेळ फिरत राहतो. पडदे आणि गाद्यांच्या खुर्च्या असलेल्या सभागृहात ही गंमत नाही, पण शब्द स्वच्छ कळतात.

३ डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त (चर्चचा उत्सव) आणि ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं. त्या सुमाराला या दोन्ही ठिकाणी गाडी घेऊन जाणार असाल तर तासभर हाताशी ठेवा. पणजीत गाडी लांब लावून पायी किंवा पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून गेलेलं बरं.

चर्चमध्ये चपला बाहेर काढायच्या नसतात. हे सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी आपल्यातलं माणूस दारात घुटमळताना दिसतं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, एवढं पुरे. बसायला मधल्या वाटेजवळची, पुढून साधारण एक तृतीयांश अंतरावरची जागा धरा. अगदी पुढे बसलात तर समोरचा एकच आवाज कानावर येतो. मागच्या दारावर जो लाकडी माळा असतो, त्याला कोर म्हणतात. त्याच्या खाली बसलात तर सूर दबलेले ऐकू येतात.

टाळ्यांचा नियम आपल्या उलटा. आपण जागा आली की दाद देतो. इथे कंडक्टरचे, म्हणजे समोर उभं राहून हाताने गाणं चालवणाऱ्याचे, हात खाली येईपर्यंत थांबायचं. शेवटचा सूर अजून छपराखाली असतो आणि तो ऐकणं हा गाण्याचाच भाग आहे. काही ठिकाणी टाळ्या अगदी शेवटीच वाजवा असं पत्रिकेत छापलेलं असतं. हेंडेलच्या ‘मसाया’ या मोठ्या रचनेतला ‘हालेलुया’ हा भाग सुरू झाला की लोक उभे राहतात. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज तो ऐकून उभा राहिला म्हणून ही प्रथा पडली असं सांगतात. त्याला त्या काळातला पुरावा नाही, पण सगळे उभे राहिले की तुम्हीही राहा.

आणि प्रेक्षकांनीही गायचं असतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. पत्रिकेत काही कॅरोल्सचे, म्हणजे नाताळच्या गाण्यांचे, शब्द छापलेले असतात. ऑर्गन किंवा पियानो एखादी ओळ वाजवतो, लोक उठतात आणि पहिलं कडवं सुरू होतं. प्रेक्षकांनी नेहमी चालच गायची. शेवटच्या कडव्याला क्वायरमधल्या सोप्रानो अचानक चालीच्या वर दुसरंच काहीतरी गायला लागतात. आपण चुकलो की काय असं वाटून पहिल्या वर्षी मी गप्प बसले होते. ते वरचं त्यांचं वेगळं असतं, तुम्ही आपली चाल सोडू नका.

कधी आणि कुठे विचारायचं

कॅलेंडर असं धरा: चतुर्थीचे गणपती पोचवले की चौकशी, नवरात्राच्या आसपास आवाजाची पारख, दिवाळीपर्यंत कागद हातात, आणि डिसेंबरातल्या फेस्तापर्यंत सगळं पाठ. बहुतेक मोठ्या क्वायर सप्टेंबर-ऑक्टोबरात नाताळचा कार्यक्रम हाती घेतात. नोव्हेंबरात विचारलं तर ‘जानेवारीत या’ हेच उत्तर मिळतं, आणि ते रास्त असतं.

इथे दोन प्रकार ओळखून असावं. पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चची, क्वायर मुख्यतः मिसेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी, गाते. तिथले गायक त्या चर्चचेच लोक असतात, आणि आपण त्यात शिरायचा हट्ट धरू नये. दुसरी कॉन्सर्ट क्वायर. तिच्यात धर्म विचारत नाहीत, आवाज आणि हजेरी विचारतात. गोवा विद्यापीठात अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाचं अध्यासन आहे. माजोर्ड्याचे हे गोन्साल्विस मुंबईच्या सिनेसंगीतातले नावाजलेले व्हायोलिनवादक आणि संयोजक. त्या अध्यासनावर आलेल्या सान्तियागो लुसार्दी जिरेल्ली यांनी विद्यापीठाची क्वायर उभी केली, आणि ‘आपल्यालाही जमेल की’ असं गावोगावच्या हौशी लोकांना वाटायला लागलं. कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चौकशी केली तर सध्या कुठल्या क्वायरमध्ये जागा आहे, याचा पत्ता बहुधा लागतो.

पारख होते तेव्हा काय करतात? पियानोवर दोन-चार स्वर वाजवून म्हणायला लावतात, आवाज खालून वर नेतात, आणि तुमच्या आवडीचं काहीतरी ऐकतात. इथे माझी फजिती झाली. मी अभंग घेतला आणि तोंडातून सवयीने मींड, खटके, मुरक्या सगळं आलं. क्वायरचे सर ऐकून म्हणाले, छान, आता हेच सरळ म्हणा. सरळ म्हणताच येईना! तेव्हा घरून एक साधी ओळ तयार करून न्या. प्रत्येक स्वर ठोकळ्यासारखा वेगळा, एकाला दुसरा न चिकटवता.

आपला आवाज कुठला

चार भाग असतात: सोप्रानो आणि आल्टो बायकांचे, टेनर आणि बास पुरुषांचे. आपण हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची भाषा बोलतो, म्हणून त्याच भाषेत सांगते.

बाईचा सा काळी पाच असेल आणि ती मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत आरामात गात असेल, तर ते अंतर आल्टोच्या नेहमीच्या अंतरावर जवळपास तंतोतंत बसतं. म्हणूनच शास्त्रीय शिकलेल्या बायका बहुतेक वेळा आल्टोतच जातात. सोप्रानोला याच पट्टीतल्या तार सप्तकाच्या निषादापर्यंत जावं लागतं, तेही छातीच्या आवाजाने नाही तर डोक्यातल्या हलक्या आवाजाने. त्याला आपण ‘खोटा आवाज’ म्हणतो आणि नाक मुरडतो. क्वायरमध्ये तो खोटा नाही. पुरुषांचा सा काळी एक असेल तर तार पंचम सहज लागतो का ते बघा. लागत असेल तर टेनर, नाहीतर बास. टेनर सगळीकडेच कमी मिळतात, त्यामुळे तुमचा आवाज मधला असेल तर तुम्हाला तिकडे ओढतीलच. घसा दुखायला लागला की स्पष्ट सांगा, भिडेखातर गाऊ नका.

कागद वाचायला शिका, निदान आपल्यापुरता

भातखंड्यांची लिपी येत असेल तर पाच रेघांचा कागद अवघड नाही. त्यातही स्वर डावीकडून उजवीकडे जातात, फक्त चढउतार डोळ्यांना दिसतो. चार ओळींची एक जोडणी असते, सगळ्यात वर सोप्रानो, सगळ्यात खाली बास. आपली ओळ रंगीत पेन्सिलीने पहिल्याच दिवशी खूण करून ठेवा. पान उलटलं की नजर सवयीने वरच्या ओळीवर जाते आणि तुम्ही परत चाल गायला लागता.

एक घोळ मात्र आधीच सोडवून टाका. गोव्यात पोर्तुगीज वळणाने सॉल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं, शिकवलं गेलं. पूर्वी पॅरिशच्या शाळेत मेस्त्र, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना आधी हेच शिकवायचे, मग व्हायोलिन हाती द्यायचे. त्यात ‘दो’ म्हणजे पांढरी एक, कायमची. आपला सा फिरता. माझा सा काळी पाचला, म्हणजे त्यांचा ‘दो’ माझा शुद्ध रिषभ होतो. तालमीत कुणी ‘सोल घ्या’ म्हटलं की मी महिनाभर आपल्या सा पासून पंचम घ्यायचे आणि भलतीकडेच जायचे. उपाय साधा: हार्मोनियम पुढ्यात घेऊन दो-रे-मी पांढऱ्या पट्ट्यांवर बोटांनी पाठ करा आणि क्वायरपुरतं सा-रे-ग विसरा. तरीही हाताखाली लिहायचंच असेल तर गाण्याची जी पट्टी आहे तिला सा मानून बारीक अक्षरात सरगम लिहा. मी लिहिते. सरांना आवडत नाही.

तालाचं सोपं आहे. खाली येणारा हात ही सम. चारच्या तालात हात खाली, आत, बाहेर, वर जातो. तीनच्या तालात खाली, बाहेर, वर. खाली-भरीचा हिशेब नाही. ‘सायलेंट नाइट’ ओबेर्नडॉर्फ या ऑस्ट्रियातल्या गावी २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या धर्मगुरूंचे, चाल फ्रान्त्स झावेर ग्रुबर यांची, साथीला गिटार. ते सहाच्या मात्रेत होतं. दादरा अंगात भिनलेल्या माणसाला त्याचा झोका आपोआप कळतो. फक्त ठेका धरून मान हलवू नका, पहिल्या रांगेतून ते फार दिसतं.

आपली ओळ धरून ठेवणं

खरं काम हे आहे, आणि याला दोन महिने लागतात.

आपल्या गाण्यात तानपुरा एकच सा देत राहतो आणि प्रत्येक स्वराचं नातं त्याच्याशी. क्वायरमध्ये खालची जमीन सरकत असते. समजा आल्टोला चार मात्रा एकच स्वर दिलाय, पांढरी पाच. बासने खाली पांढरी एक धरली तर तुमचा स्वर पंचमासारखा वाटतो. पुढच्या मात्रेला बास पांढरी पाचवर गेला की तोच सा होतो. त्यानंतर तो पांढरी तीनवर आला की तुम्ही कोमल गंधारावर उभ्या. स्वर तोच, तोंड तेच, पण कानाला तीन वेगळे भास. पहिल्यांदा गाताना ‘मी सरकले का?’ असं वाटून माणूस खरंच सरकतं. घरी हार्मोनियमवर डाव्या हाताने हे तीन स्वर बदलत, उजव्याने काही न वाजवता, गळ्याने नुसता पांढरी पाच लावून बघा. दहा मिनिटांत कळेल मी काय म्हणते ते.

एकाच स्वरावर अडून राहिलं की सूर हळूहळू उतरतो, हा सगळ्या क्वायरचा रोग. साथ नसेल तर पानाच्या शेवटी सगळी क्वायर मिळून अर्धा सूर खाली गेलेली असते आणि कुणालाच पत्ता नसतो. तोच स्वर परत घेताना दर वेळी ‘थोडा वर’ असा विचार करून घ्यायचा, उतरताना पायऱ्या लहान ठेवायच्या.

इथे तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाचा फायदाही होतो. पियानोचा गंधार आपल्या शुद्ध गंधारापेक्षा किंचित चढा असतो. अर्धा सूर म्हणजे शंभर भाग धरले तर साधारण चौदा भाग. बिनसाथीच्या गाण्यात चांगली क्वायर तो आपसूक खाली आणते आणि तिघी-चौघींचे सूर एकदम जुळून झणकारतात. तो झणत्कार आपण तंबोऱ्यात ऐकलेला असतो, म्हणून आपल्याला तो चटकन ओळखू येतो. साथीला पियानो असला की मात्र पियानो सांगेल तोच सूर, वाद घालायचा नाही.

सरावाची माझी पद्धत अशी. आधी आपली ओळ शब्दांशिवाय, ‘नू’वर. मग शब्द. मग मोबाइलवर सोप्रानोची ओळ लावून तिच्याविरुद्ध आपली. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या संकेतस्थळावर जुन्या रचनांचे कागद फुकट मिळतात, पुष्कळदा वाजवून ऐकता येणारी फाइलही असते. म्यूझस्कोर या मोफत प्रोग्राममध्ये हव्या त्या आवाजाची पातळी कमी-जास्त करता येते. पहिल्या आठवड्यात आपली ओळ मोठी ठेवा, दुसऱ्यात सारखी, तिसऱ्यात आपली बंद. बंद केल्यावरही ओळ टिकली तर ती आली.

हे सगळं परकं वाटत असेल तर मांडो हा आपला कोंकणी गीतप्रकार आठवा. तो दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज पहिल्यापासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावर धरून. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात गायली जाणारी मोतेत ही धार्मिक गाणीही अनेक आवाजांत असतात. आपले ख्रिश्चन शेजारी लग्नात, फेस्तात हे ऐकत वाढलेले. त्यांना दुसरा आवाज ‘काढावा’ लागत नाही, तोंडातून येतोच. आपल्याला तो शिकावा लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही. त्यांच्यातल्या कुणाला झपतालात टाळ धरायला सांगून बघा.

आणि स्वतःचा आवाज. शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर तुम्ही फार मोठ्याने गाताय. भजनात पुढच्या बाईने आवाज लावला की मागच्यांना बळ येतं. इथे एकीचा आवाज वेगळा ओळखू आला की सर हात थांबवतात. माझ्यासाठी तीन वेळा थांबवले. श्वासही सगळ्यांनी मिळून घ्यायचा नसतो. लांब सूर असेल तर शेजारणीशी ठरवून आळीपाळीने, शब्दाच्या मध्ये, चोरून घ्यायचा, आणि परत येताना हळूच यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं ऐंशी माणसं मिनिटभर श्वास न घेता गातायत.

शब्दांचं

लॅटिन आपल्याला सोपं जातं, हे कुणी सांगत नाही. त्यातले आ, ए, ई, ओ, ऊ मराठीसारखेच सरळ, आणि त मऊ, दाताला लागणारा. ‘एत् इन् तेर्रा’ म्हणताना इंग्रजी शाळेतला ट आणू नका. ‘सी’ हे अक्षर ए-ईच्या आधी आलं तर च होतो, म्हणून ‘पाचेम्’. ‘जी-एन’चा न्य होतो, म्हणून ‘आन्यूस’. ‘एक्सेल्सिस’ बहुतेक ठिकाणी ‘एक्शेल्सीस’ असं म्हणवून घेतात. ते तुमचे सर सांगतील तसं.

कोंकणी कॅरोलचे शब्द रोमन लिपीत येतात आणि घरात कोंकणी बोलणारी आमच्यासारखी माणसंही तिथे अडखळतात. किल्ली छोटी आहे. ‘एक्स’ म्हणजे श. एक ‘टी’ म्हणजे त, दोन म्हणजे ट. ‘डी’चं तसंच, द आणि ड. दोन ‘एन’ म्हणजे ण, दोन ‘एल’ म्हणजे ळ. शब्दाच्या शेवटी ‘एम’ असला तर तो म नाही, बहुधा नाकातला अनुस्वार. आणि ‘ओ’ दिसला की आधी आपला अ म्हणून बघा. देव बरें करूं या तीन शब्दांवर हे लावून बघितलं की बाकी कागद उलगडतो.

आपली मोठी खोड म्हणजे न, म, ल यांवर सूर धरणं. भजनात ‘राम’ म्हणताना आपण मिटल्या ओठांच्या म् वर किती रेंगाळतो! इथे सूर स्वरावर धरायचा आणि व्यंजन अगदी शेवटी, कंडक्टरच्या बोटाबरोबर टाकायचं. ‘नाइट’चा शेवटचा ट ऐंशी जणांनी आपापल्या वेळेला टाकला तर कौलांवर गारा पडल्यासारखं होतं.

मोठ्या क्वायरची गंमत आणि गोंधळ

‘मसाया’ १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा गाणारे थोडेच होते. गर्दी मावावी म्हणून बायकांना घेरदार झग्यांशिवाय आणि पुरुषांना तलवारींशिवाय यायला सांगितलं होतं, आणि तेव्हा दिवस नाताळचे नव्हते, ईस्टर तोंडावर आलं होतं. शेकडोंनी मिळून गाण्याची हौस नंतरची: १७८४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत पाचशेहून अधिक गायक-वादक एकदम बसवले.

पण माणसं दुप्पट केली म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. चाळीसचे ऐंशी झाले तर फक्त तीन डेसिबल वाढतात. वाढतो तो जाडपणा. हळू गातानाचा तो गालिच्यासारखा आवाज पंधरा माणसांत येत नाही. म्हणून मोठ्या क्वायरमध्ये ओरडून काहीच साधत नाही, आणि हळू गायला मात्र सगळ्यांचा दम लागतो.

दुसरं, अंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ऑर्गन मागच्या कोरवर आणि तुम्ही पुढे वेदीच्या पायऱ्यांवर, मध्ये तीस मीटर, तर ऑर्गनचा सूर तुमच्यापर्यंत यायला ०.०९ सेकंद लागतो. तो ऐकून गायलात की तितक्याच उशिरा तुमचा परत जातो. ऑर्गनवाला तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी, आणि चार ओळींत गाणं बैलगाडी होतं. म्हणून लय डोळ्यांनी घ्यायची, कानांनी नाही. कंडक्टर हा शब्द ऐकून आमच्या सासूबाईंना कदंबाची बस आठवते, पण इथेही काम तेच: तो खूण करतो तेव्हाच गाडी हलते.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे म्हणून: घरून विचारणा होते. ‘देवाचं गाणं आहे ना, मग गा,’ एवढ्यावर आमच्याकडे मिटलं. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे मारियामातेला, तेल वाहणाऱ्या गावात त्याहून जास्त चर्चा व्हायचं कारणही नव्हतं. एकादशीला तालीम आली की मी साबुदाण्याचा डबा नेते. कार्यक्रम मिसेला जोडून असेल तर लोक कोमुनियांव, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घ्यायला रांग करतात, तेव्हा आपण जागेवरच थांबायचं. कुणाला वाईट वाटत नाही, उलट न समजता गेलात तर अवघडलेपण होतं.

शेवटचे आठ दिवस

डिसेंबरात पहाटे गारवा आणि दिवसा धूळ, शिवाय घरोघरी रंगकाम. घसा सांभाळायचा तो आता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तालमीत पूर्ण आवाजात गाऊ नका, अर्ध्या आवाजात गा, फक्त उच्चार पूर्ण ठेवा. पाणी दोन दिवस आधीपासून पीत राहा. स्टेजवर जाताना बाटलीभर प्यायल्याने घशाला काही होत नाही, नुसती धावपळ होते.

कपड्यांचं बहुतेक ठिकाणी काळं-पांढरं ठरलेलं असतं. काळी साडी चालेल का हे ऑक्टोबरातच विचारा. चालत असेल तर सुती नेसा, कारण सरसरणारी रेशमी साडी बिनसाथीच्या गाण्यात ऐकू येते. बांगड्या घरी ठेवा. नव्या चपला नकोत. तास-दीड तास उभं राहायचं असतं.

उभं राहण्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. गुडघे ताठ आवळून उभं राहिलं, त्यात दिव्यांचा उकाडा आणि रिकामं पोट, तर माणूस चक्कर येऊन पडतं. एका वर्षी बासमधले एक दादा तिसऱ्या रांगेतून असे बसले की पुढच्यांनी झेलले म्हणून वाचले. गुडघे किंचित सैल, वजन दोन्ही पायांवर, गाण्यांच्या मध्ये टाचा हलवा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता तिथेच खाली बसा, गाणं तुमच्यावाचून चालू राहील.

कार्यक्रमाच्या दोन-अडीच तास आधी बोलावतात. त्याआधी पेजेसारखं हलकं काहीतरी खाऊन निघा. रंगमंचामागच्या खोलीत नेवऱ्या, दोदोल, बेबिंका मांडलेलं असतं आणि आग्रह फार होतो. गोडाने माझा घसा चिकट होतो, म्हणून मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवते आणि परतीच्या वाटेवर खाते. सोबत काळी फाइल, पेन्सिल, सुती रुमाल, जवळचा चष्मा. चर्चमध्ये उजेड कमी असतो आणि तालमीच्या ट्यूबलाइटखाली दिसणारे शब्द तिथे दिसत नाहीत, हे मला पहिल्या ओळीला कळलं.

फाइल छातीशी नाही, थोडी वर आणि पुढे धरा, म्हणजे कागद आणि हात एकाच नजरेत येतात. चुकलात तर चेहरा हलवू नका. ओळ हरवली तर चाल धरून पुढे जायचा मोह होईल. तो टाळा, तोंड हलवत राहा, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला शेजारणीचा सूर पकडून आत या. ऐंशीतली एक गप्प झाली तर कळत नाही. ऐंशीतली एक आल्टो चाल गायला लागली तर पहिल्या रांगेतल्या माणसाची भुवई वर जाते.

परतीचं आधी ठरवा. कार्यक्रम संपेपर्यंत फोंड्याकडच्या बसचा भरवसा नसतो आणि नाताळच्या दिवसांत टॅक्सीवाल्याचा भाव त्याच्या मनावर. आम्ही चौघी मिळून एक गाडी सांगून ठेवतो. जाताना तालीम, येताना बेबिंका.

जानेवारीत, तीन राजांचं फेस्त झालं की कागद परत करायचे असतात. त्याआधी पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या, तसा दंडक आहे. श्वासाच्या खुणा लवकर निघतात. सरगम दाबून लिहिलेली असते, तिला खोडरबर दोनदा फिरवावं लागतं.